बडोद्यातल्या बंगल्याची बाग कीटकांना, पक्ष्यांना आणि लहान प्राण्यांना राहण्याजोगी कशी करावी?

मांजलपूरकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. आमचे घर बडोद्याला मांजलपूर भागात आहे. बैठा बंगला, पुढे लॉन, मागे आंबा, चिकू, लिंबू आणि कढीपत्ता, आणि चारही बाजूंनी विटांची पाच फुटी भिंत. कापणी, छाटणी आणि फवारणीसाठी माळीबुवा नियमित येतात, त्यामुळे बाग नेहमी नीटनेटकी असते. परंतु ती दरवर्षी अधिकाधिक मुकी होत चालली आहे असे आम्हा दोघांनाही जाणवते. पूर्वी पहिल्या पावसानंतर रात्रभर बेडकांचा आवाज येई आणि लिंबाभोवती फुलपाखरे घिरट्या घालत असत. आता कबुतरे आणि कावळे सोडले तर फारसे कोणी फिरकत नाही.

माझा मुलगा इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. त्याच्या गल्लीतल्या लोकांनी आपापल्या कुंपणांच्या तळाशी 13 सेंटिमीटर लांबीरुंदीचे चौकोनी भोक पाडले आहे, जेणेकरून हेजहॉग नावाचा काटेरी प्राणी रात्री एका बागेतून दुसऱ्या बागेत जाऊ शकेल. एका रात्रीत तो एक-दोन किलोमीटर हिंडतो आणि एकाच बागेत त्याचे पोट भरत नाही, असे मुलाने सांगितले. तिथल्या दोन संस्थांनी 2011 मध्ये यासाठी ‘हेजहॉग स्ट्रीट’ नावाची मोहीम सुरू केली, आणि आता लोक कोपऱ्यात लाकडांचा ढीग ठेवतात, पसरट ताटलीत पाणी ठेवतात आणि शेकोटी पेटवण्यापूर्वी पालापाचोळ्यात कोणी झोपलेले नाही ना हे पाहतात. हे ऐकल्यापासून आपल्या बागेतही असे काही करावे अशी इच्छा झाली आहे.

आपल्याकडे असा प्राणी येईल का, आणि नसेल तर कोणासाठी काय करावे? भिंतीला भोक पाडणे योग्य ठरेल का? सौभाग्यवतींची मुख्य काळजी सापांची आहे, कारण उन्हाळ्याच्या सुटीत नातवंडे येतात आणि दिवसभर मागच्या अंगणातच खेळतात. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फतेहगंजच्या शिक्षिका यांचे उत्तर

मांजलपूरकर, मी अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे झाडांविषयी थोडे सविस्तर लिहिते. मात्र आधी हेजहॉगविषयी.

हेजहॉग भारतात आहेत आणि गुजरातेतही आहेत. कच्छ, सौराष्ट्र आणि उत्तर गुजरातच्या कोरड्या, झुडपी माळरानांवर लांब कानांचा आणि फिकट तोंडाचा अशा दोन जाती आढळतात; इथले गुजराती लोक त्याला शेळो म्हणतात. तो म्हणजे साळिंदर नव्हे. साळिंदर कुरतडणाऱ्या प्राण्यांपैकी, उंदराच्या गोतातले. हेजहॉग मात्र चिचुंद्रीच्या जवळचा, भुंगेरे, नाकतोडे आणि विंचूसुद्धा खाणारा कीटकभक्षक आहे. लेस्टरचा हेजहॉग थंडीत महिनोन्महिने शीतनिद्रेत असतो, म्हणून तिथे पाचोळ्याला आणि शेकोटीला इतके महत्त्व आहे. आपल्याकडचा माळरानावरचा असतो आणि अन्नपाण्याची टंचाई झाली की बिळात मंद होऊन पडून राहतो. मांजलपूरच्या भिंतीआड तो येईल अशी अपेक्षा धरू नये, आणि कोणी माळावरून धरून आणून बागेत सोडण्याचा विचार तर मुळीच करू नये, कारण वन्यप्राण्याला मुळच्या जागेवरून उचलणे हे त्याच्या जिवावर बेतणारे असते आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 त्याला परवानगी देत नाही. रस्त्यात कधी दिसलाच तर एक लक्षात ठेवावे: धोका वाटला की तो पळत नाही, अंगाचा गोळा करून जागीच थांबतो, आणि म्हणूनच गाड्यांखाली सापडतो. त्याला दूध पाजू नये. ते त्याला पचत नाही.

परंतु हेजहॉग इंग्लंडच्या बागेत जे काम करतो, ते आपल्या बागेत अनेक जण वाटून घेतात. भेक आणि चिचुंद्री जमिनीवरचे किडे खातात, पिंगळा रात्री भुंगेरे टिपतो, भारद्वाज गोगलगायींपासून लहान सापांपर्यंत सर्व काही उचलतो, आणि छोटी वटवाघळे हवेतले पतंग व डास पकडतात. यांपैकी कोणालाही आमंत्रण द्यावे लागत नाही. त्यांना खायला किडे मिळाले पाहिजेत. आणि किडे हवे असतील तर किड्यांना खाता येतील अशी झाडे हवीत. बाग मुकी झाली असे आपण लिहिले आहे, त्याचे कारण बहुधा इथेच सापडेल.

फुलपाखरांसाठी लोक फुलझाडे लावतात, पण फूल हे केवळ मोठ्या फुलपाखराचे जेवण आहे. मादी अंडी घालते ती अळीला खाता येईल अशाच पानांवर, आणि प्रत्येक जातीची पाने ठरलेली असतात. आपल्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर लाइम आणि कॉमन मॉरमॉन ही फुलपाखरे वाढतात. त्यांची कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून केशरी रंगाचा दुर्गंधी अवयव बाहेर काढते. माळीबुवा कढीपत्त्यावर ‘कीड पडली’ म्हणून फवारतात ती बहुतेक वेळा हीच अळी असते. चार फांद्या तिने खाल्ल्या तरी झाड पुन्हा फुटते. रुईवर प्लेन टायगर वाढते. मारुतीच्या पानांसाठी म्हणून तरी एक रुई कोपऱ्यात असू द्यावी, फक्त तिचा चीक मुलांच्या डोळ्यांत जाऊ नये इतके पाहावे. कण्हेरीवर कॉमन क्रो वाढते आणि तिचा कोष चांदीचा मुलामा दिल्यासारखा चकचकीत असतो. मात्र कण्हेर विषारी असल्याने नातवंडांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावी. सीताफळ आणि बंगल्यांच्या कुंपणाला सरळ रांगेत लावलेला आसोपालव यांवर टेल्ड जे येते, तर बहाव्यावर पिवळट पांढरी एमिग्रंट फुलपाखरे.

यात सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे पावसाळी तण. टाकळा, घोळ, कोरांटी ही पावसात आपोआप किंवा थोड्या प्रयत्नाने उगवणारी झाडे अनेक फुलपाखरांच्या अळ्यांचे अन्न आहेत, आणि माळी पहिल्या खुरपणीतच ती काढून टाकतो. लॉनचा मधला भाग मुलांना खेळायला कापलेला असू द्या, पण भिंतीलगतची दोन-तीन फुटांची पट्टी पावसाळाभर मोकळी सोडा. दिवाळीच्या सुमारास बी धरून वाळल्यावर ती कापावी. गाजर गवत मात्र फुलावर येण्यापूर्वी उपटावेच. त्याने त्वचेचे आणि श्वासाचे विकार होतात आणि ते इतर कशालाही वाढू देत नाही.

नवी झाडे लावायची असतील तर कोनोकार्पस लावू नये, रोपवाटिकेवाल्याने कितीही आग्रह केला तरी. लवकर वाढते आणि बारमाही हिरवे राहते म्हणून ते शहरभर लावले गेले, परंतु 2023 मध्ये गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. परदेशातून आलेल्या अशा झाडावर आपल्याकडचे कीटक फारसे पोसले जात नाहीत, आणि जिथे कीटक नाहीत तिथे पिले वाढवणारा पक्षीही येत नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिलांना पहिले काही दिवस अळ्याच भरवते.

कारेलीबागकर यांचे उत्तर

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. एक गोष्ट अधिक ठळकपणे मांडतो: झाडे लावण्याच्या आधी फवारणी थांबवा. विष चालू ठेवून फुलपाखरांची झाडे लावणे म्हणजे त्यांना बोलावून मारणे आहे.

माळीबुवांच्या बाटलीवर काय लिहिले आहे ते एकदा वाचून पाहा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला की आपल्याकडे सर्रास इमिडाक्लोप्रिड मारले जाते. ते आंतरप्रवाही असल्याने झाडाच्या रसात भिनते आणि तिथून मधात व परागात उतरते. मधमाश्यांना होणाऱ्या अपायामुळे युरोपीय संघाने 2018 मध्ये ते आणि त्याच्या वर्गातली आणखी दोन रसायने उघड्या शेतात वापरण्यास मनाई केली. पिठ्या ढेकणासाठी पाण्याचा जोरदार फवारा आणि साबणाचे सौम्य पाणी बहुतेक वेळा पुरते. शिवाय त्याला खाणारा एक ढालकिडा 1898 मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला आणि इथे स्थिरावला. त्याची अळी पांढऱ्या मेणकट धाग्यांनी झाकलेली असते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखीच दिसते, फक्त आकाराने मोठी आणि भराभर चालणारी. लोक शत्रू समजून तिलाच चिरडतात. निंबोळी अर्कही सरसकट निरुपद्रवी मानू नये. तो अळ्यांची वाढ रोखतो, मग ती अळी कोबीवरची असो की कॉमन मॉरमॉनची.

दुसरे विष उंदरांचे. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस सुस्तावून उघड्यावर फिरतो, आणि त्या अवस्थेत तो घुबडाच्या, पिंगळ्याच्या किंवा मुंगसाच्या तोंडी लागला तर विष त्यांच्याही अंगात जाते. अशा रीतीने उंदीर खाणारेच कमी होतात आणि उंदीर पुन्हा वाढतात. पिंजरा लावा, कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण ठेवा. इंग्लंडमध्ये गोगलगायींसाठी वापरले जाणारे मेटाल्डिहाइड 2022 पासून बंद झाले, त्यामागेही पक्षी आणि हेजहॉगसारखे प्राणी विषबाधेने मरतात हेच कारण होते.

दांडिया बाजारातील डॉक्टर यांचे उत्तर

सापांविषयी वहिनींनी विचारलेला प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ‘घाबरू नका’ एवढ्यावर संपवणे योग्य नाही.

बडोद्याच्या परिसरात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आहेत. त्याचबरोबर धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी साप वस्त्यांमध्ये फार वेळा दिसतात, आणि लोक त्यांनाच नाग किंवा मण्यार समजून मारतात. साप बागेत येतो तो हिरवाईसाठी नव्हे. त्याला उंदीर, बेडूक आणि लपायला फट हवी असते. उघड्यावर टाकलेले शिळे अन्न, गॅरेजमधला अडगळीचा ढीग, पायरीखालची भेग आणि धान्याच्या कोठीजवळचे उंदीर या गोष्टी त्याला घराच्या जवळ आणतात. म्हणून बाग दोन भागांत पाहावी. घराच्या भोवती दहा-पंधरा फुटांची पट्टी अगदी मोकळी ठेवावी: तिथे गवत कापलेले, कुंड्या विटांवर उचललेल्या, दाराखालची फट बंद आणि मोरीला जाळी. लाकडे, पाचोळा आणि उंच गवत हे सर्व त्या पलीकडे, मागच्या भिंतीजवळ. मुलांना ही सीमा दाखवून द्यावी. मुले असे नियम मोठ्या माणसांपेक्षा नीट पाळतात. लाकडांचा ढीग घरापासून दूर ठेवण्याचे आणखी एक कारण वाळवी आहे. तो चौकटीला लागून असेल तर वाळवी आत शिरते, आणि मग तिच्यासाठी जमिनीत जे रसायन ओतले जाते त्याने मातीतले बाकीचे जीवही संपतात.

रात्री अंगणात जाताना विजेरी आणि बंद बूट हवेत. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याच्या घटना आपल्याकडे नेहमीच्या आहेत. तिच्या दंशाला फारशी वेदना किंवा सूज नसते, त्यामुळे माणूस पुन्हा झोपी जातो आणि काही तासांनी श्वास अडखळू लागतो. उन्हाळ्यात नातवंडे गच्चीवर किंवा ओट्यावर झोपणार असतील तर खाटेवर आणि मच्छरदाणी गादीखाली खोचूनच झोपवावीत. दंश झाल्यास घट्ट आवळपट्टी बांधणे, चिरा देणे, तोंडाने विष ओढणे यांपैकी काहीही करू नये. तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये आणि 108 ला फोन करून थेट मोठे रुग्णालय गाठावे. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते, त्यामुळे साप मारून सोबत नेण्यात वेळ घालवू नये.

विश्वामित्री नदीच्या पुराविषयीही लिहिले पाहिजे. 2019 आणि 2024 मध्ये पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा मगरी घरांच्या आवारात सापडल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. बागेत पाणी भरले असेल तर ते ओसरल्यानंतरही लाकडांच्या आणि पाचोळ्याच्या ढिगाला हात लावू नये. वाहून आलेले साप अशा उंच, कोरड्या जागी आसरा घेतात. लांब काठीने हलवून, एक-दोन दिवस जाऊ देऊन मगच तिथे काम करावे.

अकोट्याहून तिसरा मजला यांचे उत्तर

आमच्याकडे जमीन नाही, फक्त दक्षिणेकडची गॅलरी आहे. तरीही लिहावेसे वाटले, कारण हा विषय बंगलेवाल्यांपुरता मर्यादित राहू नये.

आम्ही एका तुळशीच्या मंजिऱ्या खुडत नाही. तुळस दाट व्हावी म्हणून मंजिरी काढण्याची रीत आहे आणि पूजेची तुळस आम्ही तशीच राखतो, पण दुसऱ्या कुंडीतली तुळस मुद्दाम फुलू देतो. सकाळी दहाच्या सुमारास तिच्यावर फुलोरी माश्या आणि निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या असतात. या निळ्या पट्ट्यांच्या माश्या आणि लाकूड पोखरणारे काळे भुंगे यांचे वांगी-टोमॅटोवर विशेष उपकार आहेत: त्या फुलाला बिलगून अंग जोरात थरथरवतात आणि बंद परागकोशातून पराग खाली सांडतात, जे आपल्या साध्या मधमाशीला जमत नाही. कुंडीतल्या वांग्याला फुले येऊन गळत असतील तर खताआधी या माश्यांचा विचार करावा.

गुलाबाच्या पानांना कडेने गोल चकत्या कापल्यासारखी भोके दिसली तर औषध मारू नका. ती पाने कापणारी माशी आहे. ती पान खात नाही, त्या चकत्या नेऊन पोकळ काडीत आपल्या पिलांच्या खोल्या बांधते. आम्ही बांबूचे वीतभर तुकडे, एका बाजूला गाठ राहील असे कापून, जुडी बांधून पावसाच्या माऱ्यापासून आडोशाला टांगले आहेत. भिंतीवर मातीचे छोटे गाडगे बांधणारी कुंभारीण माशीही निरुपद्रवी आहे. तिने त्या गाडग्यात अळ्या भरून ठेवलेल्या असतात, त्या तिच्या पिलासाठी.

मांजलपूरकर यांचे पुढचे प्रश्न

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरसाहेबांचे उत्तर सौभाग्यवतींना वाचून दाखवले. घराभोवतीच्या मोकळ्या पट्टीची कल्पना त्यांना पटली आहे. फवारणी थांबवण्याविषयी माळीबुवांशी बोललो. त्यांना वाटले की आपण त्यांचे काम कमी करीत आहोत, म्हणून पगार तोच राहील आणि फवारणीच्या वेळात पाचोळा गोळा करून मागच्या बाजूला पसरवायचा, असे ठरवले.

तीन शंका राहिल्या आहेत. पाणी ठेवले तर डास होतील आणि डेंग्यूची भीती आहे. शेजारचे गृहस्थ म्हणतात की पक्ष्यांसाठी चबुतरा बांधून रोज दाणे टाकावेत, त्यानेच पुण्य आणि पक्षी दोन्ही मिळतील. आणि भिंतीच्या भोकाचे काय करावे, हे अजून ठरलेले नाही.

फतेहगंजच्या शिक्षिका यांचे उत्तर

माळीबुवांचा पगार कायम ठेवलात हे फार चांगले झाले. बागेतला प्रत्येक बदल शेवटी त्यांच्याच हातून होणार आहे, आणि कोणती अळी कुठे बसते हे त्यांना कळले की ती राखण्यात त्यांनाही रस वाटू लागतो.

पाण्याविषयी सांगते. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आपल्या हवामानात अंड्यापासून उडणारा डास होण्यास आठवडा ते दहा दिवस लागतात. त्याची अंडी पाण्यात नव्हे, तर भांड्याच्या आतल्या ओलसर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्महिने जिवंत राहतात. त्यामुळे पाणी नुसते ओतून देणे पुरत नाही. काथ्याने घासून भांडे उन्हात वाळवावे लागते. पसरट मातीची परळ घ्यावी, तिच्यात एक-दोन दगड ठेवावेत म्हणजे मधमाश्यांना बसता येते आणि पडलेला किडा बाहेर चढू शकतो, आणि पाणी रोज बदलून आठवड्यातून दोनदा घासणी करावी. एक परळ जमिनीवर आणि एक मांजर पोहोचणार नाही अशा उंचीवर असावी. वैशाखात बडोद्याचा पारा 42-43 अंशांपर्यंत चढतो, तेव्हा दाण्यापेक्षा हे पाणीच अधिक जीव वाचवते. घरातला खरा धोका कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवर पडलेले टायर आणि कूलरची टाकी यांत असतो, बागेतल्या घासलेल्या परळीत नव्हे.

कायमचे छोटे तळे करायचे असेल तर ते उतरत्या काठाचे हवे. काठ सरळ असतील तर चिचुंद्री किंवा खार पडली की बुडते. तळे जुने झाले की चतुर त्यात अंडी घालतात आणि त्यांची पिले डासांच्या अळ्या खातात. डासांसाठी गप्पी मासे सोडण्याचा सल्ला सर्वत्र दिला जातो. बंद टाकीसाठी तो ठीक आहे, पण उघड्या बागेतल्या तळ्यासाठी मी तो देणार नाही. गप्पी परदेशी आहेत, बेडकांची अंडी आणि पिले खातात आणि पुराच्या पाण्याबरोबर नाल्यात व नदीत पोहोचतात. आपल्याला बेडूक परत हवे आहेत, हे विसरू नये. नातवंडे लहान असतील तोवर मात्र तळ्याऐवजी परळीवरच भागवावे, असे मला वाटते.

कारेलीबागकर यांचे उत्तर

चबुतऱ्याविषयी माझे मत शेजाऱ्यांच्या विरुद्ध आहे, आणि ते मी आदर राखूनच मांडतो, कारण गुजरातेतल्या पोळांमधले, म्हणजे जुन्या गल्लीवजा वस्त्यांमधले, कोरीव चबुतरे हा या भूमीच्या दयाबुद्धीचा पुरावा आहे.

आज शहरात दाणे टाकले की येतात ती कबुतरे. त्यांची संख्या आधीच फार वाढली आहे, त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना अपाय करते आणि त्यांच्या गर्दीत इतर पक्षी उतरत नाहीत. रात्री उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात, आणि उंदरांमागे साप; वर डॉक्टरांनी जे टाळण्यास सांगितले तेच आपण आपल्या हाताने घडवून आणतो. दयाळ, शिंपी, सातभाई, शिंजीर, तांबट यांपैकी एकाही पक्ष्याचे आपल्या धान्यावर भागत नाही. शिंपी आणि दयाळ यांना किडे हवेत, शिंजीराला जास्वंदीचा आणि अडुळशाचा मध, सातभाईंना उलथवून पाहायला पाचोळा, आणि तांबटाला वड-उंबराची फळे व घरट्यासाठी पोखरता येईल अशी वाळलेली फांदी. आंब्याची एखादी सुकी फांदी कोणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर ती कापू नये. शेजाऱ्यांना पुण्याचीच गोष्ट हवी असेल, तर दोन्ही घरांच्या मध्ये सामाईक पाण्याची परळ ठेवण्यास सांगावे.

पक्ष्यांविषयी लिहिताना उत्तरायणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. 14 जानेवारीनंतर आपल्या आंब्या-चिकूत अडकलेला मांजा महिनोन्महिने तसाच राहतो आणि त्यात घारी, घुबडे, बगळे, वटवाघळे अडकून मरतात. सण संपल्यावर लगेच शिडी लावून किंवा आकडीच्या काठीने तो काढून, बारीक कापून कचऱ्यात टाकावा. जखमी पक्षी सापडला तर खोक्यात अंधारात ठेवून 1962 या करुणा रुग्णवाहिकेच्या क्रमांकावर कळवावे. त्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

दांडिया बाजारातील डॉक्टर यांचे उत्तर

भिंतीचा प्रश्न उरला आहे. इंग्लंडमध्ये ते भोक हेजहॉगसाठी आहे, आणि आपल्याकडे त्याची जागा पावसाच्या पाण्याच्या निचऱ्याचे भोक सहज घेऊ शकते. भेक, बेडूक आणि चिचुंद्री यांना तेवढे पुरते. मुंगूस आणि खार भिंतीवरून येतात. म्हणून नवे भोक न पाडता, मागच्या भिंतीतले निचऱ्याचे भोक बारीक जाळीने बंद केले असेल तर ती जाळी काढावी आणि पलीकडच्या शेजाऱ्यांना आधी सांगावे. घराच्या भिंतीतल्या मोऱ्यांची जाळी मात्र तशीच राहू द्यावी. या दोन भोकांची गल्लत होऊ नये.

मागच्या अंगणातला रात्रभर जळणारा पांढरा दिवाही बंद करता आला तर पाहावे. निळसर पांढऱ्या प्रकाशाकडे कीटक ओढले जातात, दिव्याभोवती फिरून थकतात आणि सकाळी खाली मेलेले सापडतात. सुरक्षिततेसाठी दिवा हवाच असेल तर पिवळसर प्रकाशाचा, खाली तोंड केलेला आणि हालचाल झाली की लागणारा लावावा. त्याने साप दिसण्याची सोयही राहते.

कामाचा क्रम विचाराल तर फवारणी आजच थांबू शकते आणि परळही आजच ठेवता येते. पट्टी मोकळी करणे, मोऱ्यांना जाळ्या बसवणे आणि लाकडांची जागा ठरवणे ही कामे अक्षय्य तृतीयेच्या आसपास उरकावीत. रोपे मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरी पडल्यावर लावावीत. नागपंचमीला जमीन खणू नये ही आपल्या घराघरांतली रीत आहे. मी माझ्या बागेत ती श्रावणभर पाळतो, कारण त्याच दिवसांत भेकांची आणि सापांची पिले मातीत व पाचोळ्यात असतात. आपणही माळीबुवांना श्रावणात कुदळ बाजूला ठेवण्यास सांगावे.